सरवा वेचणारा कॅमेरा

उत्तर फ्रान्समधल्या आरास शहराच्या संग्रहालयात ज्यूल ब्रतों या चित्रकाराचं १८७७ सालचं एक चित्र आहे. कापणी झालेल्या रानात एक बाई उभी आहे. ताठ मान, खांद्यावर गव्हाच्या ओंब्यांची पेंढी. गहू तिच्या मालकीच्या शेतातला नाही. पीक काढून नेल्यावर मागे जे सांडलं, जे राहिलं, ते तिने वाकून वाकून वेचलं आहे. आपल्याकडे याला सरवा म्हणतात. ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, मातीत राहून गेलेले कांदे. काढणीनंतर मालकाने सोडून दिलेलं जे काही बायापोरं वेचून पदरात घेतात, तो सरवा.

आन्येस वार्दा ही फ्रेंच दिग्दर्शिका सत्तरी ओलांडल्यावर याच चित्राशेजारी येऊन उभी राहिली. तिच्याही खांद्यावर तशीच पेंढी होती. चित्रातल्या बाईसारखी ती काही क्षण निश्चल राहते. मग पेंढी खाली टाकते आणि हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन तो डोळ्याशी नेते. ‘द ग्लीनर्स अँड आय’ या २००० सालच्या तिच्या माहितीपटातलं हे दृश्य. नावाचा अर्थच मुळी ‘सरवा वेचणारे आणि वेचणारी मी’ असा. १९५५ पासून फिल्मवर चित्रपट करत आलेल्या बाईने दुकानात मिळणारा हँडीकॅम उचलला, आणि उचलताना स्वतःची गणती कलावंतांत न करता वेचणाऱ्यांत केली.

हँडीकॅम स्वस्त होता, हे खरं. पण स्वस्त आणि सवंग हे दोन वेगळे शब्द मराठीने जपून ठेवले आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर किती, हाच या लेखाचा प्रश्न आहे. जी वस्तू मिळवायला काहीच मोजावं लागत नाही, तिच्यात सत्य उतरू शकतं का? की सत्याला काहीतरी आहुती द्यावीच लागते? सिनेमाच्या तंत्राचा म्हणून हा प्रश्न गेली तीसेक वर्षं चर्चेत आहे. मुळात तो धर्माचा प्रश्न आहे आणि सिनेमापेक्षा पुष्कळ जुना आहे.

फिल्मवर चित्रपट करणं म्हणजे यज्ञच होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटांत संपतं. एकदा प्रकाश लागलेली चौकट पुन्हा कोरी होत नाही. अग्नीत टाकलेलं तूप परत काढता येत नाही, तसंच. त्यामुळे कॅमेरा सुरू झाला की सेटवर शांतता पसरायची. दिग्दर्शक, छायालेखक, नट, दिवे धरणारी पोरं, सगळ्यांना ठाऊक असायचं की आता काहीतरी खर्च होतं आहे. आपल्याकडे चित्रपटाचा मुहूर्त होतो, कॅमेऱ्याला हार घालतात, नारळ फोडतात, खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात. ही निव्वळ रूढी मानून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. जे महाग आहे आणि एकदाच वापरता येतं, त्याच्यापुढे माणूस आपोआप हात जोडतो.

दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत तर यज्ञ हा शब्द अक्षरशः खरा आहे. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनात राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचं वेड शिरलं. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी मटारच्या अंकुराची वाढ एकेक चौकट करून टिपली. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम घरातच चालायचं, आणि अंधारात बसून ते सरस्वतीबाई करायच्या. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा आणि अखेर स्वतःलाही विकणाऱ्या राजाची गोष्ट, आणि ती सांगण्यासाठी घरदार पणाला लावणारा माणूस. भारतीय सिनेमाचा पायाच असा आहुतीवर उभा आहे. त्यामुळे कुणी म्हटलं की आता खर्च नको, त्याग नको, खिशातला कॅमेरा काढा आणि सुरू करा, तर जुन्या माणसाच्या मनात कालवाकालव व्हावी हे स्वाभाविक आहे.

पण यज्ञाबद्दल शंका घेणारी गोष्टही आपल्याच घरातली आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराचा अश्वमेध पार पडतो. सोनं, धान्य, गाई, दक्षिणा यांना सुमार नाही. सगळे वाहवा करत असताना एक मुंगूस येतं. त्याचं अर्धं अंग सोन्याचं आहे. ते म्हणतं, या यज्ञाची किंमत त्या कुरुक्षेत्रातल्या ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाइतकीही नाही. तो ब्राह्मण उंछवृत्तीने जगणारा होता, म्हणजे रानात सांडलेले दाणे वेचून पोट भरणारा. दुष्काळ पडला. बऱ्याच उपासांनंतर थोडे सातू हाती लागले. ते दळून चौघांनी, म्हणजे नवरा, बायको, मुलगा आणि सून यांनी, वाटून घेतले. तोंडात घास घालणार तोच दारात पाहुणा आला. चौघांनीही आपापला वाटा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्या जागी सांडलेल्या पिठात मुंगूस लोळलं आणि अर्धं सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं अंग सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होतं. युधिष्ठिराच्या मांडवातही ते लोळलं. काही झालं नाही.

वार्दाचा माहितीपट पाहताना हे मुंगूस सारखं आठवत राहतं. तिच्या कॅमेऱ्यापुढे बटाट्याचं शेत येतं. बाजारात ठरावीक मापाचेच बटाटे चालतात. फार मोठे, फार लहान, वेडेवाकडे, हिरवट असे सगळे ट्रकने रानात ओतून टाकतात. काही दिवसांत ते सडून जाणार असतात. माणसं पिशव्या घेऊन येतात आणि वेचू लागतात. त्या ढिगात वार्दाला बदामाच्या आकाराचे बटाटे दिसतात. ती ते घरी घेऊन जाते आणि जवळून चित्रित करते. खरेदीदाराने नाकारलेला आकार तिच्यापुरता हृदयाचा आकार होतो. मग ती एका हाताने दुसऱ्या हाताचं चित्रण करू लागते. कॅमेरा कातडीच्या इतका जवळ जातो की सुरकुत्या, म्हातारपणाचे डाग, फुगलेल्या शिरा हा एखादा अनोळखी मुलूख वाटावा. स्वतःच्या हाताची तिला भीती वाटते आणि नवलही वाटतं. हे दृश्य मोठ्या कॅमेऱ्याला टिपता आलंच नसतं. तिथे एक हात कॅमेऱ्याला पुरत नाही, आणि स्वतःच्या म्हातारपणाकडे एकांतात पाहायला आजूबाजूला वीस माणसं चालत नाहीत.

एका ठिकाणी ती कॅमेरा बंद करायलाच विसरते. तो तसाच हातात लोंबत राहतो आणि दोरीला बांधलेलं भिंगाचं झाकण जमिनीच्या पार्श्वभूमीवर हेलकावे घेतं. दुसऱ्या कुणी तो तुकडा संकलनात टाकून दिला असता. वार्दाने त्याला जाझ संगीत दिलं आणि झाकणाचा नाच म्हणून चित्रपटात ठेवला. फिल्मवर असं झालं असतं तर ती चूक शेकडो रुपयांची ठरली असती. इथे ती सरव्यातली एक ओंबी झाली.

याला नुसती काटकसर म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये सरवा वेचण्याला शतकानुशतकांचा कायदा आहे. काढणी झाल्यावर गोरगरिबांना रानात शिरू द्यावं असा राजाचा हुकूम १५५४ सालचा, आणि माहितीपटात काळा झगा घातलेला वकील कोबीच्या शेतात उभा राहून त्याचा दाखला देतो. त्याच्याही मागे बायबल आहे. लेवीय ग्रंथात शेतमालकाला आज्ञा आहे की शेताच्या कडेकोपऱ्याचं पीक कापू नये, पडलेलं उचलू नये. ते गरिबाचं आणि परक्याचं. रूथ ही परदेशी विधवा असाच सरवा वेचते, आणि तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मतो. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या प्रवर्तकाचं नावच कणाद; कण खाऊन राहणारा, असा त्याचा एक अर्थ लावतात. मनुस्मृतीत उपजीविकेचे प्रकार सांगताना दाणे आणि ओंब्या वेचून जगण्याला दिलेलं नाव तर थक्क करणारं आहे. त्या वृत्तीला तिथे ‘ऋत’ म्हटलं आहे. ऋत म्हणजे सत्य, विश्वाची मूळची रीत.

इथे थांबायला हवं. कारण हा शब्द ज्या पुस्तकात आला आहे ते पुस्तक महाडला जाळलं गेलं.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं अन्न नाकारायला सांगितलं होतं. त्या आवाहनाच्या उजेडात उंछवृत्तीचं कौतुक पुन्हा तपासावं लागतं. जो पोटभर जेवू शकत होता त्याने दाणे वेचून राहायचं ठरवलं तर ते व्रत. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने टाकलेलंच खावं लागलं, त्याला तेच व्रत म्हणून शिकवणं हा अन्याय आहे. उन्हात सरवा वेचणाऱ्या मजूर बाईला कुणी ऋत म्हणत नाही. तिला घरच्या चुलीची काळजी असते.

स्वस्त कॅमेऱ्याबद्दलही नेमका हाच भेद करावा लागतो, आणि चर्चेत तो बहुतेक वेळा सुटून जातो.

२० मार्च १९९५ ला पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात सिनेमाच्या शंभरीनिमित्त परिषद भरली होती. लार्स फॉन ट्रीअर या डॅनिश दिग्दर्शकाने व्यासपीठावरून एक जाहीरनामा वाचला आणि लाल रंगाची पत्रकं सभागृहात भिरकावली. ही ‘डॉग्मा ९५’. टोमास व्हिंटरबर्ग त्याच्या बरोबरीचा कर्ता. दहा नियमांच्या या संहितेचं नावच धार्मिक होतं: ब्रह्मचर्याची शपथ. चित्रीकरण प्रत्यक्ष जागीच करायचं, बाहेरून सामान आणायचं नाही, वेगळी प्रकाशयोजना नाही, संगीत बाहेरून जोडायचं नाही, कॅमेरा हातात धरायचा, खून-पिस्तुलं नाहीत, आणि दिग्दर्शकाने आपलं नाव द्यायचं नाही. नववा नियम सांगत होता की चित्रपट ३५ मिलिमीटरचाच असला पाहिजे. म्हणजे स्वस्त व्हिडिओची वाट या व्रताने मुळात मोकळी केलेली नव्हती. तो नियम अंतिम प्रतीपुरता आहे, चित्रीकरण कशावरही करता येईल, असा अर्थ लावला गेला आणि त्या फटीतून हँडीकॅम आत आला. धर्मशास्त्राच्या टीकाकारांना अशी व्याख्या नवी नाही.

व्हिंटरबर्गचा ‘फेस्टेन’ १९९८ मध्ये कान महोत्सवात गेला आणि त्याला ज्यूरी पारितोषिक मिळालं. बापाच्या साठीच्या समारंभात मुलगा उभा राहून, बापाने लहानपणी आपल्यावर आणि बहिणीवर केलेले अत्याचार सांगतो, ही त्याची गोष्ट. छायालेखक अँथनी डॉड मँटलने ते सगळं तळहाताएवढ्या सोनी कॅमेऱ्यावर टिपलं. चित्र फुटतं, मेणबत्तीच्या उजेडात कण उसळतात, कॅमेरा पाहुण्यांच्या गर्दीत एखाद्या नातेवाइकासारखा घुसतो. सत्य बाहेर येताना घर कसं हादरतं ते त्या फुटक्या चित्रात दिसतं. गुळगुळीत चित्रात ते दिसलं असतं असं वाटत नाही. चित्रपट संपल्यावर व्हिंटरबर्गने लेखी कबुलीजबाब दिला, की एका दृश्यात त्याने खिडकीवर काळा पडदा लावला होता. म्हणजे बाहेरचं सामानही आणलं आणि प्रकाशयोजनाही केली. खिडकीवरच्या एका पडद्यासाठी पापाची कबुली! बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला म्हणून हळहळणाऱ्या आजीला त्यातली तगमग बरोबर समजेल. व्रताचं बळ नियमाच्या मोठेपणात नसतं, तो आपण स्वतःहून घेतला यात असतं. या मँटलनेच पुढे मुंबईच्या वस्त्यांत बऱ्याच अंशी छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ टिपला आणि २००९ मध्ये त्यासाठी ऑस्कर घेतलं.

डेन्मार्कच्या दिग्दर्शकांना फिल्म परवडत होती. त्यांनी ती, किंवा तिच्याबरोबर येणारा थाट, सोडला. मालेगावच्या शेख नासिरपुढे सोडायला काही नव्हतंच. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद आणि सिनेमाला गर्दी. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने गावातल्याच लोकांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि तो गावातच चालला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्याच्या पुढच्या चित्रपटाची घडण दिसते. सायकलवर कॅमेरा लावला की ट्रॉली, बैलगाडीच्या दांडीवर लावला की क्रेन. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन झाला आहे. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण दुसरा कॅमेरा नाही. तो दुरुस्त होईपर्यंत काम ठप्प.

या प्रसंगात एक मोठी गोष्ट आहे. कोपनहेगनमध्ये जो कॅमेरा स्वस्त, तो मालेगावात महाग. स्वस्त हा वस्तूचा गुण नाही. ती वस्तू कुणाच्या हातात आहे, यावर तो ठरतो. नासिरच्या हातातला व्हिडिओ कॅमेरा फाळक्यांच्या विल्यमसन कॅमेऱ्याइतकाच पणाला लावलेला आहे, आणि दिवसभर मागावर उभं राहून संध्याकाळी चित्रीकरणाला येणारा माणूस आपल्या झोपेतून जो वाटा काढतो तो सातूच्या पिठाच्या वाट्यापेक्षा कमी नाही. मुंगूस मालेगावला आलं असतं तर त्याचं काम झालं असतं.

गरिबीने मुंगूस सोन्याचं झालं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. सातू थोडे होते म्हणून नव्हे, भूक असताना ते दिले गेले म्हणून ते झालं. महाडच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. लादलेल्या टंचाईत काही पुण्य नाही. ती दूर केली पाहिजे. पण टंचाईतल्या माणसाने जे दिलं त्याला कमी लेखणं हे दुसरं पाप आहे, आणि सिनेमाच्या जगाने ते वर्षानुवर्षं केलं आहे. चित्र फुटतं, आवाज नीट नाही, तेव्हा हा सिनेमाच नव्हे, असं म्हणून.

इराणच्या जाफर पनाहीवर ही टंचाई सरकारने लादली. डिसेंबर २०१० मध्ये त्याला सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं चित्रपट करायला बंदी अशी शिक्षा झाली. अपिलाचा निकाल येईपर्यंत तो घरात अडकून होता. मित्र मोजतबा मिरतहमास्ब छोटा कॅमेरा घेऊन आला. पनाहीने स्वतःचा फोन उचलला. परवानगी नाकारलेल्या चित्रपटाची पटकथा तो वाचून दाखवू लागतो, दिवाणखान्याच्या गालिच्यावर चिकटपट्टीने खोल्या आखतो, इथे दार, इथे खिडकी, इथे मुलीचा पलंग. आणि मध्येच थांबतो. गोष्ट सांगून भागत असतं तर चित्रपट करायचा कशाला, असा सवाल त्याच्या तोंडून निघतो आणि तो गप्प होतो. ‘धिस इज नॉट अ फिल्म’ या नावाने ते चित्रण २०११ मध्ये कानला पोचलं. केकमध्ये लपवलेल्या पेनड्राइव्हवरून, असं सांगतात. फिल्मची रिळं कुठल्याच केकमध्ये मावली नसती. यज्ञाला मांडव लागतो, आणि मांडव राजाला मोडता येतो. वेचणाऱ्याला मोडायला काही नसतं.

मग फिल्मची बाजू घेणाऱ्यांचं काय? त्यांचं दुःख खोटं नाही, आणि ते फक्त सवयीचंही नाही. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने १९४५ च्या सुमारास छायाचित्राच्या मूळ स्वरूपावर निबंध लिहिला. तो श्रद्धावान कॅथलिक होता. त्याच्या मते छायाचित्र म्हणजे वस्तूचं वर्णन नव्हे, वस्तूचा ठसा. प्रकाशाने घेतलेला साचा. एका तळटीपेत त्याने तुरिनच्या कफनाचा उल्लेख केला आहे. ख्रिस्ताचा देह गुंडाळला होता असं मानलं जाणारं हे वस्त्र म्हणजे अवशेष आणि छायाचित्र दोन्ही एकत्र. १८९८ मध्ये सेकोंदो पिया याने त्या वस्त्राचा फोटो काढला तेव्हा निगेटिव्हवर चेहरा उमटून आलेला पाहून लोक हादरले होते. फिल्मवर प्रेम करणाऱ्याच्या मनात हेच आहे. त्या माणसावरून निघालेला प्रकाश या पट्टीला प्रत्यक्ष लागला होता, ही ती भावना. आळंदीहून पंढरीला पालखी निघते ती पादुकांची. पादुका हा स्पर्शाचाच ठेवा.

डिजिटल कॅमेऱ्यातही प्रकाश संवेदकावर पडतोच. फरक एवढाच की तो तिथे ठसा होऊन राहत नाही, मोजला जातो आणि आकडे होतो. आकड्यांची नक्कल करा, नकलेची नक्कल करा, काही कमी होत नाही. मूळ प्रत नावाची गोष्टच उरत नाही. स्पर्श हरवला म्हणणाऱ्याला हा तोटा वाटतो. पण त्याच वारीच्या वाटेवर दुसरीही एक गोष्ट चालत असते, ती म्हणजे नाम. नामाला मूळ प्रत नाही. ते लाखांच्या ओठांवर एकाच वेळी असतं, कुणी घेतल्याने दुसऱ्याचं कमी होत नाही, त्याला दक्षिणा लागत नाही, मधला माणूस लागत नाही. ज्यांना यज्ञाच्या मांडवात पाऊल टाकता येत नव्हतं त्यांच्या हाती संतांनी ते दिलं. वारकऱ्यांनी पादुका आणि नाम यांत भांडण लावलेलं नाही. पालखी रथात असते आणि नाम तोंडात, दोन्ही एकाच रस्त्याने जातात. फिल्म जपणारी माणसं आणि फोनवर चित्रपट करणारी माणसं यांनाही असंच एका रस्त्याने जाता यावं.

खरी अडचण वेगळीच आहे. फिल्म महाग होती म्हणून संयम बाहेरून मिळत होता. रीळ अकरा मिनिटांत संपणार, तेव्हा आधी विचार करा. १९९५ साली आलेल्या मिनी-डीव्हीच्या कॅसेटवर तासभर चित्रण मावायचं आणि पुसून पुन्हा करता यायचं. आता कार्डावर आणि हार्ड डिस्कवर तर अंतच नाही. पहारा उठला. दिसेल ते टिपा, नंतर बघू, ही वृत्ती बळावली. हा सरवा नव्हे, ही साठेबाजी आहे. जुन्या शास्त्रात गृहस्थाने धान्य किती साठवावं याच्याही पायऱ्या सांगितल्या आहेत. कणगीभर धान्य ठेवणारा, मडकंभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतं ठेवणारा, आणि सर्वांत श्रेष्ठ तो अश्वस्तनिक, ज्याच्या घरात उद्यासाठी काहीच नाही. वेचणं म्हणजे निवडणं. सगळंच उचलणाऱ्याने काहीच वेचलेलं नसतं.

अब्बास किआरोस्तमीला हे पुरेपूर कळलं होतं. ‘टेन’ या २००२ च्या चित्रपटासाठी त्याने तेहरानच्या रस्त्यावरून धावणाऱ्या एका मोटारीत दोन छोटे कॅमेरे लावले, एक चालवणाऱ्या बाईकडे आणि एक शेजारच्या माणसाकडे. बस, एवढंच. पहिल्याच प्रकरणात पंधरा मिनिटांहून अधिक काळ फक्त तिचा लहान मुलगा दिसतो. तो आईशी तावातावाने भांडतो आहे आणि आईचा नुसता आवाज ऐकू येतो. कॅमेरा कुठेही नेता येत होता, आणि त्याने तो कुठेही नेला नाही. बाहेरचा पहारा उठल्यावर आतून धरलेला संयम म्हणतात तो हाच. त्याआधी, एड्सने अनाथ झालेल्या मुलांवरच्या ‘एबीसी आफ्रिका’मध्ये, युगांडातल्या मुक्कामी रात्री वीज जाते. कॅमेरा चालूच राहतो. काही मिनिटं पडदा संपूर्ण काळा. चाचपडणारी पावलं, दबकी बोलणी. रोज रात्री जे त्या मुलांच्या वाट्याला येतं ते पाहुण्यालाही आलं, आणि त्याने ते कापलं नाही. मिनिटाला ९० फूट जाणाऱ्या फिल्मवर काळोख टिपायचं कुणाच्या मनात आलं असतं? स्वस्त कॅमेऱ्याला ते परवडलं, आणि किआरोस्तमीने ती उधळपट्टी होऊ दिली नाही. तो काळोख पाहणाऱ्याने एकदा तरी, घरातले दिवे मालवून, पूर्ण पाहावा.

वार्दाकडे परत यायला हवं, कारण तिचा माहितीपट अशाच एका कृतीवर संपतो. पॅरिसमध्ये बाजार उठल्यानंतर पडलेला भाजीपाला उभ्याने खाणारा एक माणूस तिला भेटला होता. तिने लगेच मुलाखत घेतली नाही. अनेकदा नुसतं पाहिलं, मग बोलली. तो रात्री वसतिगृहात परदेशातून आलेल्या मजुरांना फुकट फ्रेंच शिकवतो, हे त्या ओळखीतून उलगडलं. दोन वर्षांनी दुसरा माहितीपट करून ती अशा माणसांकडे पुन्हा गेली. वेचून नेलेलं तिने असं परत केलं.

पहिल्या माहितीपटाचं शेवटचं दृश्य व्हिलफ्रांश गावच्या संग्रहालयातलं आहे. तिथल्या कोठीत एदुआँ या चित्रकाराचं एक चित्र ठेवलेलं होतं; वादळ येताना पाहून सरव्याच्या पेंढ्या घेऊन पळणाऱ्या बायका. वार्दाच्या सांगण्यावरून ते चित्र बाहेर अंगणात आणलं जातं. त्या वेळी खरोखरच वारा सुटलेला असतो. दोन बायका चित्राची चौकट दोन्ही बाजूंनी धरून उभ्या राहतात, चित्रातही वारा, बाहेरही वारा, आणि छोटा कॅमेरा चालू असतो.